करार की कोरा धनादेश?

नोकरीचा पहिला दिवस. घरच्या देवाला नमस्कार करून, आईने हातावर ठेवलेले दही खाऊन मुलगा कंपनीच्या दारात उभा राहतो. दुपारपर्यंत त्याच्याकडून तीन गोष्टी घेतल्या जातात : मूळ गुणपत्रिका, मुद्रांक कागदावरची सही आणि एक कोरा धनादेश. ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास अमुक लाख रुपये भरावेत, असे त्या कागदावर लिहिलेले असते. तो वाचायला वेळ दिला जात नाही. आणि खरे सांगायचे तर सही करणाराही वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढे असतो.

या ‘बाँड’चे समर्थन करणारे मोठ्या आवेशाने सांगतात की, दिला शब्द पाळणे ही आपली परंपरा आहे. परंपरेची आठवण नेमकी राजीनाम्याच्या दिवशीच व्हावी, हे मोठे मौजेचे! त्याच कागदाच्या पुढच्या कलमात कंपनीने स्वतःसाठी काय लिहून ठेवलेले असते? एक महिन्याची सूचना देऊन, प्रसंगी कारण न सांगताही, कामावरून कमी करण्याचा अधिकार. एकाने बांधून घ्यायचे आणि दुसऱ्याने मोकळे राहायचे, याला शब्द देणे म्हणत नाहीत. शब्दाला दोन बाजू असाव्या लागतात.

कायदा याबाबत मुका नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 74 सांगते की, करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेत जी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. म्हणजे पाच लाख लिहिले म्हणून पाच लाख देणे लागत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार कोणालाही न्यायालयामार्फत जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही. आणि 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुर्बल पक्षावर लादलेली अन्याय्य कलमे लोकहिताच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरतात.

आता 14 मे 2025 च्या विजया बँक प्रकरणातील निकालाकडे वळू. कारण बाँडच्या पुरस्कर्त्यांना तो आपला विजय वाटण्याचा संभव आहे. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, 2009 साली, नोकरी सोडून दुसऱ्या बँकेत गेलेल्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेणे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. परंतु का? सार्वजनिक बँकेला मनास येईल तो माणूस नेमता येत नाही. जाहिरात, खुली स्पर्धा हे सारे सोपस्कार सार्वजनिक पैशाने नव्याने करावे लागतात. शिवाय तो अधिकारी चांगल्या वेतनाच्या वरच्या पदावर होता. ज्या कंपनीत रिकामी खुर्ची एका दूरध्वनीवर आठवड्याभरात भरली जाते, तिने हा निकाल कोणत्या तोंडाने पुढे करावा? वीस हजारांवर राबणाऱ्या पोराला दोन लाखांचा दंड म्हणजे दहा महिन्यांचे वेतन.

प्रशिक्षणावर केलेला खरा खर्च वसूल करू नये, असे आमचे म्हणणे नाही. कंपनीच्या खर्चाने परदेशी जाऊन शिकून यायचे आणि परतताच प्रतिस्पर्ध्याकडे जायचे, हा निव्वळ कृतघ्नपणा आहे. समाजाच्या पैशाने डॉक्टर झालेल्याने ग्रामीण भागात ठरलेला काळ सेवा द्यावी, ही अटही आम्हाला मान्य आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तरांचे सेवाबंधन वैध ठरवले, ते योग्यच झाले. ते ऋण आहे. परंतु चार आठवडे एका खोलीत बसवून जुन्याच चित्रफिती दाखवायच्या आणि त्यालाच ‘प्रशिक्षण’ म्हणून लाखोंचा हिशेब मांडायचा, यात ऋण कुठले?

म्हणूनच तर असे मालक सहसा न्यायालयाची पायरी चढत नाहीत. तेथे खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागतात. त्यांची खरी शस्त्रे वेगळीच : अडकवून ठेवलेली गुणपत्रिका, न दिलेले कार्यमुक्तीचे पत्र, थकवलेला शेवटचा पगार आणि धनादेश वटला नाही तर फौजदारी खटला भरण्याची धमकी. मुलगा घाबरतो, वडील सोने गहाण ठेवतात आणि प्रकरण ‘मिटते’. न्यायाधीशासमोर जे टिकले नसते, ते बंद दाराआड वसूल होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे तिचे कलम 17 सांगते. हे कलम पुस्तकात राहू नये, हे पाहणे कामगार खात्याचे काम आहे आणि ते करवून घेणे कामगार संघटनांचे. मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवण्यावरही स्पष्ट शब्दांत बंदी यायला हवी. तोपर्यंत पालकांनी एवढे करावे : सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी आणि कोरा धनादेश देण्यास मुलाला ठाम नकार द्यायला सांगावे.