अर्जाची भाषा आणि रुग्णाची भाषा

मारतहळ्ळी हे बेंगळुरूच्या पूर्वेचे उपनगर. ‘हळ्ळी’ म्हणजे कानडीत खेडे. पण खेडेपण नावापुरतेच उरले आहे. ‘मरुत’ या लढाऊ विमानाशी हे नाव जोडणारी एक लोककथा सांगितली जाते, तर मराठी कानाला त्यात ‘मराठा’ ऐकू येतो. विमान-उद्योग आणि पुढे संगणक-व्यवसाय यांच्यामागून देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे या परिसरात आली. त्यांत मराठी भाषकही आहेत. अशा घरातील बारावीची विद्यार्थिनी वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज भरते, तेव्हा तिच्या मातृभाषेचे काय होते, हा प्रश्न वरकरणी शिक्षणखात्याचा वाटेल. वस्तुतः तो भारतीय भाषांच्या अभ्यासकांचाही आहे.

राष्ट्रीय प्रवेश-परीक्षा २०१७ साली दहा भाषांत झाली. २०२१ पासून त्या तेरा झाल्या. मराठी आणि कानडी या दोहोंचा त्यांत समावेश आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेंगळुरूच्या केंद्रावर या विद्यार्थिनीस इंग्रजी, हिंदी, उर्दू वा कानडी यांतूनच निवड करावी लागते. निवासाचे नियम याहून बोलके आहेत. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सामान्यतः दहावी आणि बारावी त्याच राज्यातून उत्तीर्ण व्हावी लागते. याला अपवाद आहे तो सीमाभागातील ८६५ वादग्रस्त गावांचा. तेथील मराठी मातृभाषा असणाऱ्यांस महाराष्ट्र प्रवेश देतो. कर्नाटकही राज्यातील शिक्षणाची वर्षे मोजतो आणि कन्नड, तुळू वा कोडव मातृभाषकांसाठी वेगळी तरतूद ठेवतो. म्हणजे दोन्ही राज्यांत मातृभाषा दाखला म्हणून चालते. विद्या म्हणून मात्र तिला गुण नाही.

परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यांपैकी निम्मे जीवशास्त्राचे. बारावीत इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक. अन्य भाषेची अट नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी या एका आकड्यावर साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दार उघडते. उमेदवाराने स्वतः रचलेले एकही वाक्य या संपूर्ण व्यवहारात कोणी वाचत नाही.

अमेरिकेत १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर वैद्यकीय शिक्षणापूर्वी महाविद्यालयीन शिक्षणाची अपेक्षा दृढ होत गेली, आणि आज बहुतेक विद्यार्थी पदवी घेऊनच तेथे येतात. शाळेतूनच थेट वैद्यकाची हमी देणारे संयुक्त अभ्यासक्रम हा तेथे अपवाद होय. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेने १९७१ मध्ये सहा वर्षांचा असा अभ्यासक्रम सुरू केला. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा अभ्यासक्रम १९८० च्या दशकातला. अमेरिकेतील अपवाद तो भारतातील नियम. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. तेथे शाळकरी अर्जदारासही निबंध लिहावा लागतो, आणि पुढे साहित्य-इतिहासादी विषयांसाठी अभ्यासक्रमात काही जागा राखलेली असते. भारताने वेळ वाचवला. पण त्या वाचलेल्या वेळात भाषाही वगळली.

मराठी माणसाला या संदर्भात आनंदीबाई जोशी आठवणे स्वाभाविक आहे. १८८३ साली, अठरा वर्षांच्या वयात, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. हाती पदवी नव्हती. सर्व अटी पुऱ्या होत नसतील याची जाणीव त्या पत्रात आहे. तरीही आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय साहाय्याची किती निकड आहे, हे त्यांनी मांडले आणि प्रवेश मिळवला. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्यांचा अर्ज इंग्रजीत होता, परंतु ज्या गाऱ्हाण्याला त्याने वाचा दिली ते मराठी घरांत ऐकलेले होते.

यावरून प्रवेशासाठी निबंध मागावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निबंधाची परीक्षा सुशिक्षित घरांना अनुकूल असते. तो पैसे देऊन लिहवूनही घेता येतो. आकड्याला जात दिसत नाही, उच्चार ऐकू येत नाहीत. लक्षावधी अर्जांच्या देशात ही आंधळी न्यायबुद्धी सहजी टाकून देण्यासारखी नाही, जरी महागड्या शिकवणीवर्गांनी तिचेही पारडे झुकवले आहे.

म्हणून भाषेची जागा अर्जात नव्हे, अभ्यासक्रमात शोधली पाहिजे. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या आरंभी पायाभूत वर्ग असतो व त्यात स्थानिक भाषेला मोजके तास मिळतात. २०२२ साली मध्य प्रदेशात हिंदी पाठ्यपुस्तके निघाली. दुसरा प्रयत्न मोठा आहे. पण त्याचा रोख ग्रंथाच्या भाषेवर आहे. रुग्णाची भाषा ही वेगळीच गोष्ट होय. मराठी रुग्ण केवळ ‘दुखते’ म्हणत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, जखम ठसठसते, अंगात कसकस असते. प्रत्येक शब्दात वेदनेचा वेग, जागा आणि काळ आहे. कानडी ‘नोवु’ आणि ‘उरि’ यांतला भेद, दुखणे आणि जळजळणे हा, निदानाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा. इंग्रजी पाठ्यपुस्तकावर पोसलेल्या डॉक्टरला तो कोण शिकविणार?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात देशी भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग होते, डॉ. सखाराम अर्जुन यांनी तेथे अध्यापन केले आणि मराठीत वैद्यकीय ग्रंथरचनाही केली. ती परंपरा खंडित झाली याचा दोष केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचा नाही. भाषाविभागांनी कोश, बोली आणि लोकगीते यांचा अभ्यास केला. पण दवाखान्याच्या बाकावर बोलली जाणारी भाषा आपल्या कक्षेबाहेर मानली. विद्यापीठीय भाषाविभागांनी वेदनेच्या शब्दांचे बोलीनिहाय संकलन करावे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते सर्व वर्षे शिकवावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

मारतहळ्ळीच्या त्या विद्यार्थिनीला महाराष्ट्रात कदाचित जागा मिळणार नाही. ती कर्नाटकात शिकेल आणि कानडी रुग्णांना तपासेल. घरात तिने मराठीतील कळ आणि ठणका यांतला फरक ऐकला असेल, तर ‘नोवु’ आणि ‘उरि’ यांतला फरक ऐकण्याची तयारी तिच्या कानाला आधीच झालेली असते. मातृभाषेचा खरा दाखला तो हाच. तो मागणारा रकाना मात्र कोणत्याही अर्जात नाही.