दुकान आवरण्याआधी घरचा हिशेब

शहापूर (जि. भंडारा) : पन्नाशी ओलांडलेल्या कापड व्यापाऱ्यांच्या तोंडी अलीकडे एकच वाक्य ऐकू येते, "बस झाले, दोन वर्षांत दुकान आवरायचे." यात गैर काही नाही. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी अंगावर घेतलेला माणूस थकणारच. परंतु हा विषय घरी निघाला की बेगम विचारते, "मग खर्च कशातून चालणार?" बहुतेक घरांत या प्रश्नाला तवक्कुलचा अभाव म्हणून गप्प केले जाते. आमच्या मते हा प्रश्नच निवृत्तीचा खरा हिशेब आहे. त्याचे उत्तर आकड्यांत देता येत नसेल, तर दुकान आवरू नये.

आमच्या शहापूरजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तेथील जुन्या भरतीच्या कामगाराला निवृत्तीनंतर पेन्शन मिळते आणि त्याच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या भरतीसाठी तीही पद्धत बदलली. शेजाऱ्याचे पाहून व्यापारीही निवृत्तीची भाषा बोलतो, पण आपल्याला ना पेन्शन ना ग्रॅच्युइटी. लहान व्यापाऱ्यांसाठी २०१९ साली केंद्राने पेन्शन योजना आणली, तिच्यात प्रवेशाचे वय १८ ते ४० होते. पन्नाशीतल्या माणसाला तो दरवाजा मुळातच बंद.

आता दुकानाच्या पुंजीकडे पाहू. समजा वहीत २० लाख दिसतात : ९ लाखांचा माल, ७ लाखांची उधारी, ४ लाख रोख. दुकान उठते आहे हे कळताच मालाला निम्मा भाव येतो. उधारीवाला तर बंद होणाऱ्या दुकानाचे पैसे सर्वांत शेवटी देतो. ७ पैकी ४ लाख आले तरी शुक्र मानावा. म्हणजे हाती साडेबारा लाख. त्यातून नागपूरच्या गांधीबागेतील ठोक व्यापाऱ्याचे ३ लाख देणे वजा केले, तर उरले साडेनऊ. घरखर्च महिना २० हजार धरला तर ही रक्कम चार वर्षेही पुरत नाही.

शिवाय हिशेब आपल्या वयाचा नव्हे, पत्नीच्या वयाचा धरावा. आपण ५४ चे आणि ती ४७ ची असेल, तर तिच्यासाठी किमान ३० वर्षांची सोय हवी. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे २० हजार ती ५९ ची होईल तेव्हा ४० हजार आणि ७१ व्या वर्षी ८० हजार होतील. मग तिची चिंता अवाजवी कशी म्हणावी?

उपाय काय? पहिली गोष्ट, दुकान एकदम न मिटता तीन वर्षांत आटोपते घ्यावे. आधी नवी उधारी बंद, मग जुनी वसुली, मग मालाची खरेदी कमी. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते आणि शिल्लक मालावर घेतलेली करसवलत परत करावी लागते, हेही आधीच ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, पुंजी खात बसू नये. जागा स्वतःची असेल तर ती विकण्यापेक्षा भाड्याने द्यावी. मुलगा किंवा पुतण्या होतकरू असेल तर मुदारबत करावी : भांडवल आपले, मेहनत त्याची, नफ्याचा वाटा आधी ठरलेला आणि कागदावर लिहिलेला. मात्र यात तोटा भांडवलावर पडतो, हे पत्नीलाही ठाऊक असावे. 'हलाल नफा' म्हणून दरमहा गलेलठ्ठ रक्कम देणाऱ्यांपासून दूर राहावे. २०१८ मध्ये हीरा गोल्ड आणि २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमए प्रकरणात कित्येक मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली.

तिसरी गोष्ट, दुकान चालू असतानाच सहा महिने निवृत्तीनंतरच्या ठरलेल्या रकमेत घर चालवून पाहावे. रमजान-ईदचा खर्च, दवाखाना, मुलीचे येणेजाणे सारे त्यातच. भागले तर पत्नीची चिंता आपोआप हलकी होईल. नाही भागले तर दुकान अजून उभे आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, हे पत्नीला माहीत असावे. कर्ज लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनने दिला आहे, तो केवळ मुनीमजींसाठी नव्हे. मेहर बाकी असेल तर ते कर्ज आहे. ते वाटणीआधी फेडायचे असते, मग हयातीतच का फेडू नये? मुले असतील तर पत्नीचा वारसाहक्क आठवा हिस्सा. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावल्याने ती मालक होत नाही, म्हणून कागदपत्रे वेळीच नीट करावीत.

तवक्कुलच्या नावाखाली प्रश्न टाळणाऱ्यांनी हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. आजारपणात त्यांनी बरीचशी संपत्ती दान करू इच्छिली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी एक तृतीयांशाची मर्यादा घातली आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावू नये असे समजावले. दानाला जर ही मर्यादा, तर आपल्या आरामाला का नसावी?

व्यापारी बांधवांनी निवृत्त जरूर व्हावे. पण वही आधी बेगमपुढे उघडावी, तिच्या शंका एकेक करून लिहून घ्याव्यात आणि त्यांची उत्तरे तयार झाली की मगच शटर खाली ओढावे.