मामांची घागर

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्या साताऱ्याच्या घरी एक शिवराई असते. दरवर्षी चिंचेने घासून घासून तिची अक्षरे आता बोटालाही लागत नाहीत. तिची भावंडे पुष्कळ होती. सांगलीकडे मामांना विहीर खणताना मडकेभर शिवराया सापडल्या. एक त्यांनी आईला दिली, बाकीच्या तांबटाकडे मोडीत घालून घागर आणली. घागर चांगली निघाली, तक्रार नाही!

हे आठवायचे कारण आमचा पुतण्या. जमिनीखालच्या धातूचा सुगावा लागताच वाजणारे यंत्र त्याला हवे आहे. इंग्लंडात हा सुट्टीचा छंदच आहे. १९९२ साली सफोक परगण्यात एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा असल्या यंत्राने शोधीत होते. हाती लागले ते रोमन काळचे घबाड, नुसती नाणीच सुमारे १५,०००! पण थोडे निघताच त्यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे कुजून गेलेल्या पेटीत काय कशावर ठेवले होते, तेही तज्ज्ञांना ओळखता आले. बक्षीस १७.५ लाख पौंडांचे. हातोडाही सापडला, आणि तोसुद्धा ब्रिटिश म्युझियमात जाऊन बसला.

आपल्याकडे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० वर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला. कोणी कोणाला जिंकले, ते त्या ढिगानेच सांगितले. उलट दायमाबादेत १९७४ साली झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. पण ते मातीच्या कोणत्या थरात होते हे निसटले, आणि त्यांच्या वयाविषयी विद्वानांचा वाद राहिला.

पुतण्याला म्हटले, ‘‘यंत्र घे, पण १८७८ चा निखात निधी कायदा आधी वाच. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि संरक्षित किल्ल्यावर तर पाय ठेवू नकोस ते घेऊन.’’

‘‘मग सरकार सगळे घेणार?’’

‘‘घेतले, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते.’’

मामांच्या तांबटाने उलट घट धरली होती! ती विहीर मळ्यात नेमकी कुठे, हे सांगायला आता मामा नाहीत. ती बुजली त्यालाही वर्षे झाली.

यंदा शिवराईला चिंच लावू नका, असे मी घरात सांगितले आहे.

‘‘म्हणजे काळीकुट्ट लक्ष्मी पुजायची?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला.