हिमालय तरुण, मग त्यातले कण एवढे जुने कसे?



‘हिमालय हा अर्वाचीन वली पर्वत आहे’ हे वाक्य मुलं पाठ करतात, गुणही मिळवतात. पण एखाद्याने “कशावरून?” विचारलं, की आपण “पुस्तकात दिलंय” म्हणून पुढे सरकतो. माझ्या मते खरा धडा त्या ‘कशावरून’मध्येच आहे.

भारतीय भूपट्ट आशियाला धडकला तो साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी. म्हणून पर्वत तरुण. पण त्याच्याच खडकांत झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडतात. त्यांतले कित्येक 180 कोटी, काही तर 250 कोटी वर्षांचे!

हे वय कळतं कसं? शिलारस थंड होताना झिरकॉनचा स्फटिक तयार होतो. तो युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं, की कणाचा जन्मकाळ मिळतो. डोंगर झिजला, नदीने वाळू वाहून नेली, त्या वाळूचा पुन्हा खडक झाला, तरी हा चिवट कण आपली जन्मवेळ जपून ठेवतो.

वर्गात यासाठी प्रयोगशाळा नको, पैशांचा गल्ला पुरे. नाण्यांवरची सालं मुलांना फळ्यावर मांडू द्या. सर्वांत नवं नाणं 2019 चं असेल, तर गल्ल्यात शेवटचं नाणं 2019 च्या आधी पडलेलं नाही. “पण सर, 2023 मध्ये जुनीच नाणी टाकली असतील तर?” असं कुणी विचारलं, तर त्याला शाबासकी द्या. खडकाचंही तेच आहे. सर्वांत तरुण कण एवढंच सांगतो, की गाळ त्यानंतर साचला. नेमका किती नंतर, ते सांगत नाही.

आता दोन गल्ले शेजारी ठेवा. सालांची मांडणी वेगळी दिसली, तर नाणी वेगळ्या ठिकाणांहून किंवा वेगळ्या काळात जमली असावीत. लघु हिमालयाच्या जुन्या थरांत बहुतेक कण 160 कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. बृहद् हिमालयात मात्र 100 कोटींच्या आसपासचे आणि त्याहून तरुण कणही भरपूर मिळतात. दिसायला सारखे खडक भूवैज्ञानिक यावरूनही वेगळे ओळखतात.

पर्वताचं वय वेगळं, खडकाचं वेगळं, कणाचं त्याहून वेगळं. एवढं कळायला एक तासिका लागते. “अभ्यासक्रम कधी संपवायचा?” ही अडचण खरीच आहे. पण पाठ केलेलं वाक्य परीक्षेनंतर विसरलं जातं. पुरावा कसा तपासायचा, हे एकदा कळलं की मूल ते पुढच्या प्रत्येक धड्याला लावून पाहतं.