मोझांबिकच्या वायूत भागीदारी आहे, तर नुकसानीची जबाबदारीही घ्या

प्रति,
मा. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
मा. पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मोझांबिकमधील वायू प्रकल्पात भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा वाटा आणि त्या देशाचे वादळांनी होणारे नुकसान यासंबंधीच्या मागण्या

महोदय,

आम्ही मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील ग्राहकांची संघटना आहोत. वजनमापे, भेसळ, वीजबिले हे आमचे नेहमीचे काम. आफ्रिकेतील एका देशासाठी आपण मागणीपत्र का द्यायचे, असा प्रश्न आमच्याच सभासदांनी सभेत विचारला. त्याचे उत्तर भागीदारीच्या कागदांत आहे. उत्तर मोझांबिकच्या काबो डेल्गाडो प्रांतासमोर, समुद्राखालच्या रोवुमा खोऱ्यात, मोठा वायूसाठा सापडला. तिथल्या ‘एरिया 1’ या क्षेत्रात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियमची उपकंपनी आणि ऑइल इंडिया यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे. प्रकल्प चालवणाऱ्या फ्रान्सच्या टोटलएनर्जीजचा वाटा 26.5 टक्के, आणि ज्या देशाचा वायू आहे त्या मोझांबिकच्या सरकारी कंपनीचा 15 टक्के. म्हणजे त्या क्षेत्रात भारताची मालकी खुद्द मोझांबिकच्या सरकारी कंपनीच्या दुप्पट आहे. या तिन्ही भारतीय कंपन्यांत भारत सरकारचे बहुमत आहे. भारत पेट्रोलियमचे मुख्यालय तर आमच्याच शहरात, बॅलार्ड इस्टेटला आहे. हा पैसा जनतेचा आहे, म्हणून विचारण्याचा अधिकारही आमचा आहे.

14 मार्च 2019 च्या रात्री ‘इडाई’ हे चक्रीवादळ मोझांबिकच्या बेइरा बंदरावर आदळले. वाऱ्याने छपरे नेली, पण जास्त माणसे नेली ती पाण्याने. बेइरा हे पुंग्वे नदीच्या मुखाशी वसलेले सखल शहर. वादळ आत सरकले, डोंगराळ भागात पाऊस कोसळत राहिला आणि पुंग्वे व बुझी या नद्या एकत्र पसरून शेतांवर जणू समुद्र उभा राहिला. लोक दिवसेंदिवस छपरांवर आणि झाडांवर अडकून पडले होते. मका कापणीला यायला काही आठवडेच उरले होते. मक्यासह वर्षभराचे पोट भरणारी पिके सात लाख हेक्टरांच्या आसपास जमिनीवर पाण्याखाली गेली. एकट्या मोझांबिकमध्ये 600 हून अधिक माणसे मेली. सहाच आठवड्यांनी, 25 एप्रिलला, ‘केनेथ’ हे त्याहूनही ताकदवान वादळ काबो डेल्गाडोवर आले, म्हणजे वायूच्याच प्रांतावर. एकाच हंगामात अशी दोन वादळे त्या देशावर आल्याची आधीची नोंद नाही. 2023 मध्ये ‘फ्रेडी’ सबंध हिंदी महासागर ओलांडून आले आणि मोझांबिकवर दोनदा आदळले. डिसेंबर 2024 मध्ये ‘चिडो’ने पुन्हा काबो डेल्गाडोच गाठले.

चक्रीवादळे पूर्वीही येत होती, हे आम्हांला ठाऊक आहे. फरक पडला आहे तो त्यांच्या पावसात आणि भरतीत. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, आणि वादळ ते बाष्प पाऊस म्हणून ओतते. समुद्राची पातळी वाढली की उधाणाचे पाणी जास्त आत शिरते. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने ही उष्णता साठली. त्या जाळण्यात मोझांबिकचा वाटा जगाच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे.

इडाईनंतर आपल्या नौदलाच्या ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ या नौका व तटरक्षक दलाची ‘सारथी’ ही नौका बेइराला पोचल्या. बाहेरून आलेल्या मदतीत त्या सर्वांत आधीच्या होत्या. त्या खलाशांनी पुरात अडकलेली माणसे काढली, दवाखाने लावले. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच वर्षीचा पुढचा हिशेबही पाहावा. एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मोझांबिकला सुमारे 11 कोटी 80 लाख डॉलर दिले, तेही कर्जाऊ. आधीच कर्जात बुडालेल्या देशाने दुसऱ्यांच्या धुराने आलेल्या पुरासाठी नवे कर्ज काढले. आणि जूनमध्ये, इडाईनंतर तीन महिन्यांनी, भागीदारांनी सुमारे 20 अब्ज डॉलरच्या वायू प्रकल्पाचा अंतिम निर्णय घेतला. त्या निर्णयात आपल्या कंपन्या होत्या.

काबो डेल्गाडोत 2017 पासून सशस्त्र बंड चालू आहे. मार्च 2021 मध्ये प्रकल्पाजवळच्या पाल्मा गावावर हल्ला झाला, प्रकल्प थांबला, आणि 2025 च्या अखेरीस तो पुन्हा सुरू करण्याचे ठरले. मधल्या काळात लाखो माणसे घर सोडून गेली. प्रकल्पासाठी अफुंगी द्वीपकल्पावरील कुटुंबांना उठवून किटुंडा या नव्या वसाहतीत नेले. मासेमारीवर आणि किनाऱ्यावर शिंपले वेचण्यावर जगणाऱ्यांना समुद्रापासून आत नेले, तर सिमेंटचे घर मिळते, पोटाचा धंदा जातो. आमच्या रायगड-ठाण्यातील कोळीवाड्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मोझांबिकने आपला वायू काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तो निर्णय त्या देशाचा. पण हा वायू मुख्यतः द्रवरूपात जहाजांवर चढून आशिया-युरोपात जायचा आहे. करारांच्या रीतीप्रमाणे कंपन्यांचा खर्च आधी वसूल होतो आणि सरकारचा मोठा वाटा बऱ्याच वर्षांनी सुरू होतो. तोवर किती वादळे येतील, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा :

एक. तिन्ही कंपन्यांनी या प्रकल्पाचा संपूर्ण हिशेब संसदेपुढे ठेवावा : आजवर गुंतलेला पैसा, अपेक्षित उत्पन्न, वायू जाळल्यावर होणारे उत्सर्जन, आणि विस्थापितांना प्रत्यक्षात काय मिळाले. 2021 मध्ये प्रकल्पाच्या परिसरात सुरक्षा दलांनी नागरिकांचा छळ केल्याचे आरोप पुढे प्रसिद्ध झाले. ते सिद्ध झालेले नाहीत. म्हणूनच 30 टक्के भागीदाराने स्वतंत्र चौकशीचा आग्रह धरावा आणि तिचा अहवाल जाहीर करावा.

दोन, आणि ही आमची मुख्य मागणी. या वायूतून भारतीय कंपन्यांना मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मोझांबिकमधील वादळग्रस्तांसाठी कायमचा राखून ठेवावा, आणि तो अनुदान म्हणून द्यावा. भारताची बरीच परदेशी मदत एक्झिम बँकेच्या कर्जाच्या रूपात जाते. इथे ती पद्धत चालणार नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच व्याजासह परत मागणे न्यायाचे नाही. हा पैसा बेइराच्या सांडपाणी-नाल्यांवर, वादळ-निवाऱ्यांवर आणि काबो डेल्गाडोतील शाळा-दवाखान्यांवर जावा. निवारे कामी येतात, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 च्या ‘फायलिन’मध्ये लाखोंना आधीच हलवले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ओडिशाचे हे शहाणपण, माणसांसकट, मोझांबिकला पाठवावे.

तीन. भारताने मोझांबिकला दिलेल्या कर्जांत असे कलम घालावे की मोठे वादळ आले की परतफेड आपोआप थांबेल. इतर देशांनीही ते करावे, असे भारताने जागतिक व्यासपीठांवर मांडावे.

चार. शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत 2022 मध्ये मान्य झालेल्या ‘हानी आणि नुकसान’ निधीत अजून एक अब्ज डॉलरचीही आश्वासने जमलेली नाहीत. 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलरचे, तेही 2035 पर्यंतचे, उद्दिष्ट पुढे केले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी सभागृहातच त्याला हरकत घेतली. ती योग्य होती. दरडोई उत्सर्जनात भारत आजही जगाच्या सरासरीखाली आहे, आणि जुन्या उत्सर्जनाचे देणे श्रीमंत देशांचेच आहे. पण 23 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लादर्शक मतात जीवाश्म इंधनांचे उत्पादन, परवाने आणि अनुदाने यांबाबतही राष्ट्रे जबाबदार ठरू शकतात, असे सांगितले आहे. उत्पादनात आपली मालकी असेल तिथे ‘आम्ही विकसनशील’ हे उत्तर पुरेसे नाही. भारताने या निधीत स्वेच्छेने पैसे घालावेत. मग श्रीमंत देशांकडे बोट दाखवताना आपला आवाज मोठा होईल.

पाच. मोझांबिकशी आमचा संबंध वायूपुरता नाही. वाशीच्या बाजारात ‘मोझांबिक गजरी’ तूर विकली जाते आणि तिची डाळ आमच्या घरांत शिजते. 2016 च्या करारानुसार भारत ही तूर घेत आला आहे. किती घेणार हे दोन्हीकडच्या पेरणीआधी जाहीर करावे, म्हणजे मोझांबिकमधील नांपुलाचा छोटा शेतकरीही फसणार नाही आणि लातूर-वाशिमचाही.

या पाचही मागण्यांवर संसदेच्या येत्या अधिवेशनाआधी संघटनेच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवरील सरकारचा निर्णय आम्हांला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य