विश्लेषण : गिटारची पट्टी आपल्या जंगलातली, मग गिटार का नाही?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत इलेक्ट्रिक गिटारचा छंद असणाऱ्याला गिटार, पेडल, पिकअप, तारा असे जवळपास सगळेच ऑनलाइन मागवावे लागते. खोके उघडून वाद्याची माहिती वाचली, की अनेकदा एक ओळ दिसते : फिंगरबोर्ड ‘इंडियन रोझवूड’चा. हे लाकूड म्हणजे आपला शिसव. साग, ऐन, बिजा, हळदू यांच्या सोबतीने तो याच दोन जिल्ह्यांच्या रानात वाढतो. ज्याच्या दारात शिसव आहे, त्याने शिसवाची पट्टी दूरदेशीच्या वाद्यात विकत घ्यावी, हा प्रकार नेमका काय आहे?

गिटारला शिसवच का?

फिंगरबोर्ड म्हणजे नेकवरची ती पट्टी, जिच्यावर बोटे आणि तारा रोज घासल्या जातात. ती कठीण हवी, झिजता कामा नये आणि हवामानाने वाकता कामा नये. शिसव या तिन्ही कसोट्यांना उतरतो. त्याच्या अंगात तेलकटपणा असल्याने वर पॉलिश चढवण्याचीही गरज नसते. ब्राझीलच्या रोझवूडवर १९९२ पासून कडक आंतरराष्ट्रीय बंधने आली आणि भारतीय शिसवाचे महत्त्व आणखी वाढले.

मग आवाज लाकडाचा की विजेचा?

छांदिष्टांमधला हा न संपणारा वाद. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तार चुंबकावर थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. केसासारख्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे, हाच पिकअप. अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो तो हा विजेचा संकेत. म्हणूनच पिकअप बदलला की तीच गिटार वेगळी बोलू लागते आणि ‘कस्टम’चा नाद बहुतेकांना इथूनच लागतो. लाकडाचा आवाजातला वाटा त्यामानाने थोडा. त्याचे खरे काम वाद्य सरळ आणि स्थिर ठेवण्याचे. याचा अर्थ असा, की इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला परदेशी लाकूडच हवे, हा केवळ समज आहे.

कायदा काय सांगतो?

‘साइट्स’ या वन्यजीव व्यापार करारात २ जानेवारी २०१७ पासून शिसवाचे संपूर्ण कूळ नोंदले गेले. शिसवाची पट्टी असलेली गिटार सीमेपार विकायची तर परवाना लागू लागला. फेंडरने त्या वर्षी मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींवर शिसवाऐवजी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड वापरायला सुरुवात केली. पुढे २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला ती मिळाली नाही.

त्याआधी, ऑगस्ट २०११ मध्ये, अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे पडले. त्यात भारतातून गेलेल्या पट्ट्याही होत्या. प्रश्न होता तो, या पट्ट्या कापीव कच्चे लाकूड म्हणायच्या की प्रक्रिया केलेला माल? कारण कापीव लाकडाच्या निर्यातीवर भारताचे निर्बंध आहेत. २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनीसह सगळ्या प्रकरणात तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड झाली, भारतीय लाकूड कंपनीला परत मिळाले.

दोन्ही गोष्टींचे सार एकच : लाकूड जितके कच्चे, तितकी अडचण, वाद्य जितके पूर्ण, तितकी वाट मोकळी. जंगल असलेल्या जिल्ह्याने यातून धडा घ्यायला हवा.

इथे गिटार घडू शकते का?

लाकडाची उणीव नाही. अयोध्येच्या राम मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये सागवान गेले ते बल्लारपूरहून. मात्र साग बॉडीसाठी जड पडतो आणि त्याच्या तेलामुळे जोड देताना सरस नीट धरत नाही; पृष्ठभाग आधी पुसून घ्यावा लागतो. त्यापेक्षा शिवण हलकी, वाकण्या-तडकण्याला कमी बळी पडणारी. बांबूच्या चिपा चिकटवून केलेल्या फळ्यांचाही पर्याय आहे आणि बांबूचे प्रशिक्षण देणारे केंद्र चंद्रपूरजवळ चिचपल्लीला आहे. सितार-तंबोऱ्याच्या मिरजेला तर जंगल नाही, कसब आहे. तेवढ्या बळावर २०२४ मध्ये तिथल्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

ऐकणारा कानही इथे आहे. झाडीपट्टीच्या नाटकांनी दरवर्षी गावोगावच्या मंडपात वाद्यवृंद जिवंत ठेवला आहे. वाद्य दुरुस्त करणारा जवळ असला, तर त्याचा फायदा फक्त छांदिष्टांना होईल असे नाही.

आक्षेप काय?

पहिला : मागणी वाढली की चोरटी तोड वाढेल. भीती रास्त आहे, पण हिशेब पाहावा. अर्धा मीटर लांब, सात सेंटिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड अशी एक पट्टी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. निम्मे लाकूड कापणीत वाया गेले तरी एका घनमीटरमधून दोन हजारांवर पट्ट्या निघतात. एवढ्यासाठी नवे झाड पाडायची गरज नाही. डेपोतले तुकडेही पुरतील. दुसरा : यातून कितीशा हातांना काम मिळणार? थोड्याच. पण ते काम लाकूड वाहण्याचे नसेल, घडवण्याचे असेल.

काय करायला हवे?

डेपोत लाकूड लॉटने लिलावात जाते. एक फळी हवी असलेल्याला तिथे वाव नाही. वन विभागाने सुकवलेल्या, कापलेल्या लहान फळ्या पावती आणि वाहतूक परवान्यासह विकाव्यात. आयटीआयच्या सुतारकामात वाद्यदुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम असावा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनाही यात स्थान हवे. मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखवला आहेच.

छांदिष्टांचीही जबाबदारी आहे. ‘ओळखीतून’ आलेले बिनपावतीचे लाकूड नाकारावे. पाडलेल्या घराची सागवानी चौकट विकत घेतली तर ती वर्षानुवर्षे सुकलेली असते, फक्त तिचीही पावती जपावी. आणि हाती असलेली गिटार सांभाळावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात. तीच गिटार कूलरसमोर ठेवली तर ओल धरून नेक वाकतो. ती खोळीत, भिंतीपासून आणि कूलरपासून दूर ठेवावी. ऋतू बदलला की नेकमधली सळई पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता जुळवावी.

जंगलाचा जिल्हा म्हणजे ओंडके पाठवणारा जिल्हा, ही ओळख फार जुनी झाली. एका गिटारने ती बदलणार नाही. पण शिसवाची पट्टी दारातल्या रानातली असेल आणि तिच्यावरचे फ्रेट इथल्याच हातांनी बसवलेले असतील, तर बदलाला सुरुवात नक्की होईल.