घारापुरीची दुसरी टेकडी

थंडी पडली की मुंबईतल्या शाळांना घारापुरी आठवते. गेटवेवरून लाँच, तासाभरात बेट. पोरांची रांग, बाईंची शिट्टी, धक्क्यावरची छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. वर मोठं लेणं. वीसेक फुटांचा सदाशिव, त्याच्यापुढं फोटो. डबा खायचा, थोडा माकडांनी पळवायचा, परत यायचं. दुसऱ्या दिवशी वहीत निबंध : आमची सहल. झालं शिक्षण!

हिला म्हणे शैक्षणिक सहल म्हणायचं. माझं म्हणणं सरळ आहे. कुठं बघायचं हे ही सहल शिकवते आणि कुठं बघायचं नाही हेही गुपचूप शिकवून मोकळी होते.

बेटावर टेकड्या दोन आहेत. सहल चढते ती पश्चिमेची. तिथं शंकराची पाच लेणी. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा स्तूप आहे. तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला मानतात. मोठं लेणं साधारण सहाव्या शतकातलं. म्हणजे सदाशिव कोरायच्या कितीतरी शतकं आधी या बेटावर बुद्धाचा माणूस उतरला होता. युनेस्कोनं १९८७ साली घारापुरीची लेणी जागतिक वारशात घेतली, त्या नोंदीतही दोन बौद्ध लेणी आहेत. पॅरिसच्या कागदावर बुद्ध आहे, भायखळ्याच्या पोराच्या वहीत नाही. डोंगरावरच्या तोफा बघायला वेळ असतो, स्तूपाकडं वळायचं म्हटलं की लाँच सुटायची घाई!

आता मूर्तीकडंच बघू. ती कुणाची, हे सांगतात. घडवली कुणी, असं पोरानं विचारलं की उत्तर ठरलेलं : राजानं. कुठल्या राजानं? इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो कायमचा गडप झाला. मागं राहिली कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची हलकी नाणी. ती बेटावर पुष्कळ सापडली. काही अभ्यासकांचा तर्क असा, की ही लेणी खोदणाऱ्यांची मजुरी असावी.

दोस्तहो, हे नीट वाचा. राजाचा लेख हरवला आणि मजुराचा रोज शिल्लक राहिला. गोदीत घाम गाळणाऱ्या बापाच्या पोराला हे एक वाक्य सांगा, तो त्या खांबाला हात लावून बघेल. हा माझ्यासारख्याच कुणीतरी कोरलाय, हे त्याला कळेल. म्हणूनच ते सांगत नाहीत.

दगड सोडा, जिवंत माणसं तरी दाखवा. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत बेटावर. समोर मुंबई रात्रभर झगमगत होती आणि या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली. साडेसात किलोमीटर केबलीला सत्तर वर्षं! मुंबईच्या हद्दीवरून कुठलाही नकाशा काढा, हे अंतर चुकत नाही. पायऱ्यांवर धडधाकट पर्यटकाला डोलीत बसवून माणसं खांद्यावर वाहतात. पोरांना सांगतात, बाजूला व्हा, डोली येतेय. तिथं थांबून धडा द्यायचा तर बाजूला व्हायला शिकवतात.

आणि सगळ्यात आधी बघायची ती यादी. पैसे भरले त्यांची. सहलीच्या दिवशी वर्गात कोण उरतं ते जाऊन मोजा. झोपडपट्टीतलं, नाक्यावर काम शोधणाऱ्याचं, घरकाम करणारीचं पोर. आता गोणपाटावर वेगळं बसवत नाहीत, पैसे आणले नाहीत म्हणून मागं ठेवतात. ज्याच्या वस्तीतून बेट दिसतं तोच बेटावर जात नाही. च्यायला, ही कसली समता!

बाबासाहेबही सहलीला गेले होते. साल १९३४, बरोबर चळवळीतले तीसएक कार्यकर्ते. काहीही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, हे आधीच ठरलेलं. वाटेत दौलताबादला हौदाच्या पाण्यानं तोंड-पाय धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा गहजब झाला. किल्ल्यात सोडलं ते पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या माणसांची सहल अशी असते. काय बघायचं ते आपण ठरवायचं आणि वाटेत काय सोसलं तेही लिहायचं.

म्हणून मागण्या तीन. पैशासाठी एकही पोर मागं राहता कामा नये, खर्च शाळेनं आणि सरकारनं उचलावा. सहल दोन्ही टेकड्यांवर गेलीच पाहिजे. आणि निबंधाचा विषय बदला : हे लेणं कुणी खोदलं, त्याला काय मिळालं?

शाळा ऐकतील याची वाट बघत बसू नका. वस्तीवस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढावी, एक रविवार धरावा आणि मागं राहिलेल्या पोरांना घेऊन लाँचमध्ये बसावं. उतरल्यावर आधी पूर्वेची टेकडी चढायची. सदाशिव कुठं पळून जात नाही, त्याला नंतर भेटू.